सैलपणा कोठे ठेवायचा?

शंकाकार : ताई, आक्षेप घेण्यापूर्वी तुमचा दावा मला नीट मांडू द्या, तो मी चुकीचा मांडला तर तेथेच थांबवा. राणीसावरगावात काय किंवा गंगाखेड तालुक्यातल्या दुसऱ्या कोणत्याही गावात काय, शिवण शिकणारी मुलगी आरंभ करते ती ब्लाउजपासून, आणि टक्स, कटोरी, अस्तर, गळपट्टी यांच्या हिशेबात तिचा उमेदीचा काळ सरतो. त्याऐवजी तिच्या हाती होजिअरीच्या टॉपचा एक साधा फर्मा द्यावा, ज्यात पुढचा भाग, मागचा भाग आणि बाही एवढेच तुकडे आहेत, आणि त्याच फर्म्याचा गळा, बाही व लांबी बदलत तिने गोल गळ्याच्या टॉपपासून साडीवरच्या ताणणाऱ्या ब्लाउजपर्यंत सर्व काही शिवावे, असे तुम्ही म्हणता. ज्या घरात कातर पिढ्यान्‌पिढ्या चालली त्या घरातला मी माणूस. माझे म्हणणे असे की फर्मा साधा आहे हे खरे, परंतु तो साधेपणा त्याला कापडाने उसना दिलेला आहे, आणि उसन्याची वसुली केव्हा ना केव्हा होतेच.

पुरस्कर्ती : दावा तुम्ही बरोबर मांडलात, काका, आणि उसनवारीही मला मान्य आहे, मात्र ती उसनवारी नेमकी कशाची हे पाहिल्यावाचून वसुलीची भीती घालू नका. मांजरपाटाचा एक तुकडा घ्या. त्यात ताणा आणि बाणा काटकोनात एकमेकांना जखडून बसलेले असतात. उभे ओढा, आडवे ओढा, कापड हलत नाही. उरेब ओढले तरच काय ते थोडे सैल पडते. होजिअरीत एकच धागा फाशात फासा अडकवीत पुढे जातो, म्हणून आडवे ओढताच प्रत्येक फासा रुंद होतो, थोडा बुटका होतो आणि सोडला की बहुतेक पूर्ववत होतो. आता छत्तीस इंच छातीच्या बाईला सुती कुडती शिवायची तर आपण चाळीस इंचांची शिवतो, कारण ते चार इंच तिला श्वास घ्यायला, हात वर करायला, खाली वाकायला लागतात. त्याच बाईचा होजिअरीचा टॉप चौतीस इंचांचा शिवला तरी तो अंगाला बेताचा बसतो, कारण हलण्याचालण्याची सोय कापडाच्या आतच आहे. छातीच्या उभारासाठी टक्स घ्यावा लागत नाही, मागचा मुंढा आणि पुढचा मुंढा वेगवेगळ्या गोलाईचा कापावा लागत नाही, बाहीचा माथा उंच ठेवून त्याला चुण्या देत बसावे लागत नाही. ज्या रेघा नवशिक्या मुलीच्या हातून हमखास चुकतात त्याच या फर्म्यातून गेल्या आहेत; मग उरलेल्या रेघांशी तिने निर्भयपणे खेळावे, यात अवाजवी ते काय?

शंकाकार : अवाजवी काही नाही, धोक्याचे मात्र आहे. जुन्या कुडत्याच्या बगलेत आमचे वाडवडील चौबगला घालीत असत, तो तुम्ही पाहिला असेल. बगलेत बसवलेला तो लहानसा चौकोनी तुकडा. तो नसेल तर हात डोक्यावर नेताच सबंध कुडते कमरेवर चढते. त्या एका तुकड्यात कापणाऱ्याची सारी जबाबदारी उघडपणे मांडलेली असे. तो किती मोठा, कोठे बसला, उरेब पडला की सरळ, हे गिऱ्हाइकाला आणि दुसऱ्या शिंप्याला एका नजरेत कळे, आणि चूक असेल तर ती कोणाच्या नावावर मांडायची याविषयी संदेह नसे. अंग हलते आणि कापड हलत नाही, या दोघांतला तंटा मिटवण्याची ती तजवीज होती. सैलपणा त्या काळी कापात ठेवलेला असे. तुम्ही तो कापडात ठेवला. कापडात ठेवलेला सैलपणा दिसत नाही, त्याचे माप कोणी वहीत लिहीत नाही, आणि काही धुण्यांनंतर कोपर फुगले, गळा लोंबला, की दोष द्यायला कोणी सापडत नाही. चुका पोटात घालणारे कापड तुम्ही मुलीच्या हाती देता आणि ती शिकली असे म्हणता. मला भय वाटते की तिच्या चुका फक्त झाकल्या जात आहेत.

पुरस्कर्ती : चौबगल्याचे तुम्ही नाव काढलेत ते फार बरे झाले, माझ्या बाजूचा सर्वांत जुना साक्षीदार तोच. आपल्याकडचे जुने कपडे पाहा : बाळाचे झबले, शेतकऱ्याची बंडी, कुडते. त्यांतल्या बहुतेकांचा कारभार चौकोन आणि तिरक्या कळ्या यांवर चाले. एकच सरळ काप घेऊन घेर हवा तेथे कळी वाढवायची, हात हलायला हवा तेथे चौबगला घालायचा, थंडी असेल तर अस्तर लावायचे. साधा नमुना घेऊन त्याला फिरवीत राहणे ही काही परदेशातून आलेली क्लृप्ती नव्हे. तिकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या बटरिक नावाच्या शिंप्याने 1863 साली निरनिराळ्या मापांचे कागदी फर्मे विकायला काढले तेव्हा घरोघरीच्या बायकांना कापण्याची जी हिंमत आली, तीच मी या गावातल्या मुलींना आणू पाहते. आणि काका, थोडे स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुमचा धंदा नामदेवांचा, त्यांची नरसी आपल्या जुन्या परभणी जिल्ह्यातलीच. पण आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंचा सबंध जन्म त्या शिंप्याच्या घरात गेला, आणि तिच्या दळणाच्या, कांडणाच्या, शेणी वेचण्याच्या कथा परंपरेने जपल्या तरी कातर तिच्या हाती आली असे कोणी सांगत नाही. कापणे हे गुपित राहिले आणि शिवणे तेवढे बायकांच्या वाट्याला आले. फर्मा कागदावर आला की ते गुपित मोडते.

शंकाकार : तो टोला मी घेतो, त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. आमच्याकडे बायका काजे करीत, हातशिलाई करीत, बटणे लावीत. मापाची वही मात्र पुरुषाच्या खणात असे. परंतु गुपित मोडले म्हणजे विद्या हाती आली असे होत नाही, आणि त्याचा दाखला मी तुमच्याच फर्म्यातून देतो. गोल गळ्याचा टॉप घ्या. गळ्याचा घेर वीस इंच ठेवला. त्याला लावायची पट्टी घेराच्या सुमारे पंच्याऐंशी टक्के घ्यावी असा तुमचा नियम, म्हणजे सतरा इंच. पट्टी आखूड घेऊन ताणून लावली की ती अंगाकडे वळते आणि गळा चोपून बसतो. येथवर सर्व यथास्थित आहे. आता डोके. मोठ्या बाईच्या डोक्याचा घेर बावीस इंचांच्या आसपास असतो. म्हणजे सतरा इंचांच्या पट्टीने डोके आत घेताना पाच इंच ताणले पाहिजे, जवळजवळ तीस टक्के. पट्टी रिबची असेल तर ती हसत ताणेल. परंतु मुलीला बाजारात रिब मिळाली नाही आणि तिने टॉपच्याच घट्ट इंटरलॉकची पट्टी कापली, जी जेमतेम वीस टक्के ताणते, तर ती वीस इंच आणि वर अर्ध्या इंचाच्या आत पोचून थांबते. टॉप शिवून झाला, इस्त्री झाली, आणि डोके आत जाईना! फर्म्यात चूक नाही, मापात चूक नाही, शिवणीत चूक नाही. मग चुकले कोण?

पुरस्कर्ती : कापड न ओढता कापले, ते चुकले. म्हणूनच माझ्या फर्म्याबरोबर एक पट्टी असते आणि तिच्यावर दोन खुणा. कापडाची आडवी घडी घालायची, कडेपासून थोडे आत चार इंच धरायचे आणि ओढायचे : पाचांपर्यंत गेले तर पाव, सहांपर्यंत गेले तर निम्मे. मग सोडून पाहायचे की ते चारांवर परत येते का. कारण ताणणे हा एक गुण आणि परतणे हा दुसरा. निव्वळ सुती जर्सी पुष्कळ ताणते पण परतताना आळस करते. लायक्राचा धागा मिसळला की परतणे सुधारते. डूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्सने 1958 साली तो धागा सिद्ध केला नसता तर आजचे निम्मे कपडे गुडघ्यांत आणि कोपरांत फुगून बसले असते. हे सारे मी शिकवते, काका. आणखी शिकवते ते हे की खांद्याच्या शिवणीत सुती फीत घालून ती रेघ मुद्दाम जखडायची, कारण बाहीचे आणि अंगाचे सारे वजन त्या दोन रेघांवर लोंबते. सबंध कपडा ताणला तरी खांदा ताणता कामा नये. आपल्या काळ्या पायमशीनवर झिगझॅग नाही, तर सुई गोल टोकाची घालायची, धाग्याचा ताण सैल करायचा, शिवताना कापड अगदी किंचित ओढून धरायचे आणि लगोलग दोन टिपा मारायच्या. नाही तर सरळ टीप पहिल्याच वापरात तटकन तुटते. टोकदार सुईने टाके गळतात आणि फासे तुटून भोके पडतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मुलगी सुई बदलायला विसरत नाही.

शंकाकार : म्हणजे बघा, ताई, तीन तुकड्यांचा साधा फर्मा म्हणून आपण निघालो होतो आणि आता त्याच्या पाठीमागे खुणांची पट्टी, फीत, गोल टोकाची सुई, धाग्याचा ताण, टिपांची जोडी एवढा लवाजमा उभा राहिला. मी याला दोष देत नाही; मी एवढेच म्हणतो की साधेपणा कागदाचा होता, कामाचा नव्हता. आणि अजून आपण बदलांकडे वळलोच नाही. गळा बोटीच्या आकाराचा करायचा म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक इंच रुंद केला, तर पुढची खोली वर उचलावी लागते. मुलीने रुंदी वाढवली आणि खोलीही तशीच ठेवली तर टॉप एका खांद्यावरून घसरतो. लांबी वाढवून ट्यूनिक केला, तर नितंबाशी घेर वाढवला पाहिजे किंवा बाजूला चिरा ठेवल्या पाहिजेत; नाही तर कपडा चालताना वर चढून पोटावर गोळा होतो. सर्वांत फसवा बदल पुढून उघडण्याचा. पुढचा भाग मधोमध कापला, बटणपट्टी लावली, झाले जाकीट, असे कागदावर दिसते. परंतु चौतीस इंचांचा टॉप छत्तीस इंचांच्या छातीवर बसत होता तो सगळीकडून सारखा ताण धरून, आणि तो ताण आता बटणांवर आला. दोन बटणांच्या मध्ये फट पडते. तेथे वजा केलेले इंच परत द्यावे लागतात, म्हणजे फर्मा मुळापासून बदलावा लागतो. तुम्ही ज्याला एका फर्म्याचे दहा टॉप म्हणता ते वस्तुतः दोन-तीन फर्मे आहेत. त्यांचा चेहरा तेवढा एक आहे.

पुरस्कर्ती : हे मात्र मला पूर्ण मान्य करता येत नाही. गळ्याची रेघ आणि लांबीची रेघ हलवली तरी खांदा, मुंढा आणि छाती या रेघा जागच्या जागी राहतात. तोवर तो एकच फर्मा. पुढून उघडणारा कपडा या हद्दीबाहेर जातो, हे तुमचे म्हणणे बिनतक्रार कबूल. परंतु तो बाहेर जातो हे कळायलादेखील हद्द आखलेली असावी लागते, आणि ती हद्द मुलीला फर्म्यानेच दाखवली. जी मुलगी थेट कापडावर खडूने आखायला शिकते तिला प्रत्येक कपडा नवा वाटतो; जिच्याजवळ फर्मा आहे तिला आज आपण काय बदलले आणि काय बदलले नाही हे सांगता येते. मला विचाराल तर अचल रेघा कोणत्या आणि चल कोणत्या, हे ओळखणे हेच या कामाचे व्याकरण.

(येथे लेखकाने आपला कल लपवून ठेवण्यात अर्थ नाही. बाईंचे हे म्हणणे मला वजनदार वाटते. मात्र खांद्याची अचल रेघसुद्धा सुती फीत घातल्यावरच अचल होते, हे त्यांनीच आधी सांगितले होते, आणि काकांनी तो धागा हातातून सोडला याचे मला नवल वाटले.)

शंकाकार : व्याकरण म्हणालात, तर आता मोठ्या प्रमाणावर काय होते ते पाहा. 2024-25 च्या शालेय वर्षात सरकारने एक राज्य, एक गणवेश अशी योजना आखली. कापड एकत्र खरेदी झाले आणि शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आले. उद्देश उत्तम होता. बायकांना काम मिळणार, मुलांना कपडे मिळणार. परंतु कपडे वेळेवर पोचले नाहीत, पोचले ते कित्येकांच्या अंगाला बसले नाहीत, अशा तक्रारी गावोगावहून आल्या आणि पुढल्या वर्षासाठी तो कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांच्या हवाली करण्यात आला. बायकांच्या हातांत दोष नव्हता. दोष या समजुतीत होता की वयावरून अंग कळते. इयत्ता चौथीच्या मुलाचे माप असे काही असते काय? ज्या शिंप्याने त्या मुलाला समोर उभे केले नाही त्याने त्याचा सदरा कसा कापावा? तुमचा फर्मादेखील लहान, मध्यम, मोठा अशा जमाबंदीच्या वाटेने जाणार नाही याची हमी काय?

पुरस्कर्ती : हमी कापडच देते, आणि येथे होजिअरी तुमच्या गणवेशाच्या विरुद्ध बाजूला उभी आहे. गणवेशाचे कापड ताणत नाही, म्हणून माप अर्ध्या इंचाने चुकले की मूल अडकते. होजिअरीचे एक माप आगेमागे दोन इंचांची अंगे सांभाळून घेते.

शंकाकार : तीच तर माझी खरी तक्रार आहे, ताई! सांभाळून घेते, म्हणून माप घेण्याची गरज संपते. गरज संपली की सवय जाते. परभणीच्या बाजारात, गंगाखेडच्या बाजारात, फ्री साइजचे ताणणारे ब्लाउज टांगलेले दिसतात. काळा, लाल, सोनेरी, कोणत्याही साडीवर चालणारे. पिशवीतून काढा, डोक्यातून घाला, लग्नाला जा. बाईला बरे वाटते, कारण तिला कोणाच्या टेपसमोर उभे राहावे लागत नाही, कापड देऊन चार खेपा घालाव्या लागत नाहीत आणि अंग वाढले-घटले तरी मायेतून इंच सोडवून घ्यायला यावे लागत नाही. पण त्या ब्लाउजच्या शिलाईवर गावातल्या कितीतरी घरांचा मीठ-मिरचीचा खर्च चालत होता. कापूस आपल्या मानवत-सेलूच्या बाजारांतून गाठी होऊन जातो आणि होजिअरी तिरुप्पूरकडून तयार होऊन येते. त्या मालाशी तुमच्या मुलीने एका पायमशीनवर टक्कर द्यावी? तेवढ्या पैशांत तिला कापडसुद्धा येणार नाही.

पुरस्कर्ती : किमतीत टक्कर द्यावी असे मी कधी म्हटले नाही. होजिअरीचे कापड पुष्कळ ठिकाणी किलोवर मिळते. चौरस मीटरला एकशे ऐंशी ग्रॅम वजनाची जर्सी घेतली तर एका साध्या टॉपला पाव किलोच्या मागेपुढे लागते, आणि तिकडे हजारोंनी कापणाऱ्या कारखान्याला ते कोणत्या दराने पडते याचा हिशेब मी मांडत नाही, मांडून उपयोगही नाही. परंतु फ्री साइज हे नाव ज्याने ठेवले त्याने सगळी अंगे पाहिली नव्हती. अंगावर पाजणाऱ्या बाईला समोर उघडणारा ब्लाउज हवा असतो. एका स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला एका बाजूला आत खिसा हवा असतो. म्हातारीचा खांदा दुखतो, तिला डोक्यावरून घालायचे काहीच नको असते. आणि ज्या बाईचा दंड जाड आणि छाती लहान, तिला बाजारातला प्रत्येक ब्लाउज एक तर बाहीत कापतो नाही तर छातीवर झोळ धरतो. माझी मुलगी फर्म्याच्या बाहीचा दंड एक इंचाने वाढवून छाती तशीच ठेवील. हे काम तिरुप्पूर करणार नाही, कारण त्याला ही बाई दिसतच नाही.

शंकाकार : आणि ही बाई तुमच्या मुलीला दिसते ती टेप हातात धरल्यामुळे, फर्म्यामुळे नाही.

पुरस्कर्ती : दोन्हींमुळे. टेपने फरक कळतो. तो कोणत्या रेघेवर मांडायचा ते फर्म्याने कळते.

शंकाकार : बरे, येथे आपण जवळ आलो, पण पुरते नाही. खांदा जखडायला हवा, कापड ओढून पाहायला हवे, पुढून उघडताना वजा केलेले इंच परत द्यायला हवेत आणि दुखऱ्या खांद्याच्या म्हातारीला समोर उभे करायला हवे, एवढे तुम्हालाही मान्य. तुमच्या फर्म्यामुळे दुकानाची पायरी न चढता मुली कापायला लागतात आणि जुनी वही ज्यांनी बंद ठेवली त्यांनी आता तक्रार करू नये, एवढे मलाही मान्य. माझा अडसर एकाच ठिकाणी उरतो. जी मुलगी ताणणाऱ्या कापडावर शिकली तिला न ताणणारे कापड येईल काय? मांजरपाटावर शिकलेला माणूस होजिअरीकडे गेला तर त्याला सवलत मिळते. होजिअरीवर शिकलेला मांजरपाटाकडे आला तर त्याला शिक्षा होते. रेणुकादेवीच्या नवरात्रात गावात बायका येतात त्या खण आणि साड्या नेसून येतात, आणि खणाच्या चोळीला ताण नसतो.

पुरस्कर्ती : आणि मी उलट विचारते : मांजरपाटावर शिकायला लागलेल्या किती मुली कटोरीपाशी अडून शिवण सोडून देतात? माझी मुलगी निदान एक टॉप घालून घरी जाते, तो आईला दाखवते, आणि दुसऱ्या दिवशी परत येते. पहिल्या दिवशी कातर देऊ नये, पट्टी आणि चार इंच कापड द्यावे, निरनिराळी कापडे ओढून त्यांची नोंद वहीत करायला लावावी, हे मी तुमच्याकडून घेते. उद्यापासून तसेच करीन. परंतु ती वही भरल्यावर, टॉप शिवून हात बसल्यावर, तिला कटोरी शिकवायला तुम्ही याल का, काका?

शंकाकार : बोलवा, मी येईन. पण बाजारात ताणणारा ब्लाउज टांगलेला असताना आणि स्वतःच्या हातचा टॉप अंगात असताना ती टक्सचा हिशेब शिकायला बसेल काय, हे मला तुमच्या फर्म्याकडे पाहून सांगता येत नाही. आणि तुम्हालाही येत नाही.

पुरस्कर्ती : नाही येत. मी तिला विचारीन.